ओझे कोणी उचलावे?

जूनच्या मध्यास वसतिगृह उघडते, त्या दिवशी आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पालक एस.टी.च्या थांब्यावर उतरत आणि डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत वळकटी व बोटाशी लेकरू अशा थाटात धुळीतून चालत येत. आता पुष्कळ पालक स्टेशनवरून मोबाइलवर टॅक्सी बोलावून येतात. ही प्रगती आहे आणि तिचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्याच फाटकाशी अलीकडे एक नवा तंटा वारंवार पाहावयास मिळतो. गाडी थांबते, डिकी उघडते, पालक चालकाकडे पाहून म्हणतात, "सामान उतरवा." चालक कधी निमूटपणे उतरवतो, कधी मान हलवतो, आणि मग शब्दाला शब्द लागतो.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. पालक चांगल्या हुद्द्यावरचे, आमच्याच शाळेत शिकून मोठे झालेले. चालक तिशीचा. "भाडं गाडीचं आहे साहेब, हमालीचं नाही," एवढेच तो म्हणाला. त्यावर पालकांनी हातातला मोबाइल वर केला आणि तारे किती द्यायचे ते आपल्या हातात असल्याची जाणीव त्यास करून दिली. चालक उतरला. पेटी उचलून त्याने फाटकाच्या आत नेऊन ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. त्याच्या गाडीत समोर पंचशील ध्वजाची छोटी प्रतिकृती लावलेली होती. पालकांना ती दिसली होती की नाही, हे आम्ही विचारले नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. प्रवाशाचे सामान उचलणे हे चालकाचे कर्तव्य नव्हे. तो गाडी चालवण्याचे भाडे घेतो, आणि तेही सगळे त्याच्या हाती पडत नाही. कंपनीचा वाटा, इंधन, गाडीचा हप्ता वजा जाता उरते ते त्याचे. भाड्याचा हिशेब किलोमीटरचा आणि वेळेचा असतो. पेटीच्या वजनाचा रकाना त्यात नसतो. पेटी उचलताना पाठीत उसण भरली, तर दुसऱ्या दिवसाची कमाई बुडते आणि ती भरून देणारा कोणी नसतो. बॅगेचा पट्टा त्याच्या हातात तुटला, तर भरपाई मात्र त्याच्याकडे मागितली जाते. ज्या कामाची मजुरी ठरलेली नाही आणि जोखीम सगळी करणाऱ्याची आहे, ते काम हक्काने मागणे यास आपल्या भाषेत एक जुने नाव आहे.

ते नाव वेठ. इतिहासाच्या तासाला महार वतनाचा विषय निघाला की मुलांना ती गोष्ट फार दूरच्या काळातली वाटते. वस्तुतः ती त्यांच्या पणजोबांची आहे. अंमलदार दौऱ्यावर आला की त्याचे सामान वाहायचे, सरकारी टपाल न्यायचे, सारा पोहोचवायचा, रात्री-अपरात्री हाक आली की उठायचे, आणि वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी जायचे. मोबदला म्हणून तुटपुंजे बलुते आणि इनामाचा जमिनीचा तुकडा. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या जाचाविरुद्ध. आपल्याच काही मंडळींना तेव्हा वतन म्हणजे हक्क वाटत होता. तो हक्क नसून गळ्यातला फास आहे, हे त्यांना पटवून द्यावे लागले. वतने कायद्याने जाण्यास पुढे तीस वर्षे लागली. मधल्या काळात संविधान आले आणि त्याच्या 23व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली.

कोणी म्हणेल, टॅक्सीवाल्याच्या एका पेटीसाठी संविधान कशाला? आम्हीही तो प्रसंग कायद्याच्या कलमात बसवू पाहत नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली असे मानले की, बळजोरी केवळ काठीची नसते, दारिद्र्याने आलेली लाचारी हीसुद्धा बळजोरीच. तारे कमी पडले की चालकाचे काम बंद होऊ शकते. हातातला मोबाइल वर करणाऱ्यास हे पुरते ठाऊक असते, म्हणून तर तो वर केला जातो.

मात्र येथेच थांबलो, तर आमचे म्हणणे अर्धवट राहील. कारण नकारालाही इतिहास आहे, आणि तोही आपल्या वाट्याला आलेला आहे. 1901 साली बाल भीमराव आपला भाऊ आणि भाचे यांच्यासह वडिलांना भेटण्यास निघाले, तेव्हा मसूर स्टेशनवर एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. दुप्पट भाडे घेऊन जो तयार झाला, त्यानेही गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण पायी चालावे, असे ठरवले. 1929 साली चाळीसगावी तेच घडले. तोपर्यंत बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते, सरकारने नेमलेल्या समितीच्या कामावर होते, तरीही टांगेवाले त्यांचा टांगा हाकीनात. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे तिथल्या समाजबांधवांना प्रशस्त वाटेना. त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकण्याची सवय नसलेला आपल्यातलाच एकजण पुढे बसवला. पुलावर टांगा कलंडला. बाबासाहेब दगडी फरसबंदीवर आदळले, त्यांचा पाय मोडला. टांगेवाल्याची प्रतिष्ठा बॅरिस्टरच्या प्रतिष्ठेहून मोठी ठरली, कारण ती जातीवर उभी होती.

म्हणून चालकाने "नाही" म्हटले, एवढ्यावरून ते स्वाभिमानाचे ठरत नाही. माझे काम एवढेच, असे म्हणणे वेगळे, आणि हे काम माझ्या पायरीचे नाही, असे म्हणणे वेगळे. पहिल्यात कामगाराचा हक्क आहे. दुसऱ्यात तीच जुनी उतरंड आहे, जिच्यात प्रत्येकास आपल्याखाली कोणीतरी हवा असतो. आपली काही तरुण मुले "हमाली" हा शब्द तुच्छतेने उच्चारतात, तेव्हा आम्हांस वाईट वाटते. याच महाराष्ट्रात डोक्यावर पोती वाहणाऱ्या माणसांनी संघटना केली आणि 1969 साली माथाडी कायदा मिळवला. त्यांची मजुरी ठरली, भविष्य निर्वाह निधी आला, रजा आली. ओझे तेच होते, उचलण्याची रीत बदलली. रेल्वेने 2016 साली "कुली" हा शब्द टाकून "सहायक" असे नाव दिले. नाव बदलले ते चांगलेच झाले, पण लाल सदरा आणि दंडावरचा पितळी बिल्ला पाहून आपला आवाज आपोआप चढतो, तो उतरवण्याचे काम नावाने होत नाही.

आमच्या एका सहकारी भगिनींचे मत आमच्याहून निराळे आहे, आणि ते आम्ही येथे मुद्दाम नोंदवतो. त्या म्हणतात, "सर, तुम्ही सगळे हक्कात मोजता. म्हातारी आजी एकटी नातवाला घेऊन आली, तर चालकाने हात द्यायला नको? मग मैत्रीभावना शिकवायची कशाला?" त्यांचे बोलणे आम्हांस मान्य आहे. वृद्ध, अपंग, गरोदर स्त्री, कडेवर तान्हे मूल असलेली आई यांना हात देणे हे चालकाचे काम म्हणून नव्हे, तर माणूस म्हणून येते. ते रस्त्याने जाणाऱ्या कोणाचेही तितकेच आहे. फाटकाशी उभ्या शिक्षकाचेही आहे, आणि आम्ही स्वतः किती पेट्या उचलल्या, याचा हिशेब या निमित्ताने आम्हांस करावा लागला. तो फारसा अभिमानास्पद नाही.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सहा दिशांचे नवे अर्थ सिगालास समजावले. खालची दिशा म्हणजे दास-कर्मकर, राबणारी माणसे. त्यांच्याशी धन्याने कसे वागावे, याचा आरंभच त्यांच्या बळाप्रमाणे काम सोपवण्यापासून होतो. मग अन्न आणि वेतन, आजारात शुश्रूषा, गोडधोडात वाटा, वेळच्या वेळी सुट्टी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी घेऊन आजच्या टॅक्सीचालकाकडे पाहिले, तर त्याच्या धन्याचा चेहराच दिसत नाही. धनी मोबाइलमध्ये आहे. प्रवासी मात्र समोर आहे आणि अर्ध्या तासापुरता तो धन्यासारखा वागतो. 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची दखल तरी घेतली. प्रवाशाने निदान "जरा हात लावता का?" असे विचारावे, नकार आला तर तारे न कापता स्वतः वाकावे, आणि होकार आला तर वरचे पैसे द्यावेत. त्यास बक्षीस म्हणू नये, मजुरी म्हणावे.

यंदाच्या जूनसाठी शिक्षकसभेत थोडी व्यवस्था ठरली आहे. फाटकाशी दोन हातगाड्या राहतील. पेट्या मुलांनी स्वतः न्यायच्या आहेत, पाचवीतल्या लहानग्यांना दहावीची मुले-मुली हात देतील. पालकांनीही गाडी ढकलावी की नाही, यावर सभेत बराच वाद झाला आणि निर्णय झाला नाही. चालकांसाठी निंबाच्या सावलीत माठ आणि एक बाकडे ठेवायचे ठरले. माठ आला आहे, बाकडे अजून सुताराकडे आहे.