राखणीचा कुत्रा आणि घरचे मांजर

शेतकऱ्यास त्याच्याजवळची जनावरे विचारली, तर तो बैल, गाई, म्हशी, शेळ्या, फार तर कोंबड्याही मोजून सांगतो. खळ्यावर रात्रभर जागणारा कुत्रा व धान्याच्या कणगीभोवती फिरणारे मांजर या मोजणीत सहसा येत नाही. दोघेही काम करतात. परंतु त्यांच्या खाण्याचा व औषधपाण्याचा भार कोणी आपला मानीत नाही. उरले तर खातील, आजारी पडली तर मरतील, दुसरे पिलू येईल, असा एकूण हिशेब असतो. हा हिशेब निर्दयपणाचा तर आहेच. शिवाय तो तोट्याचा आणि प्रसंगी माणसाच्या जिवावर बेतणारा आहे.

दोघांनाही एकाच थाळीतील उरलेसुरले घालावे, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर वाढल्यामुळे कुत्र्याच्या अंगी पिठूळ अन्न पचविण्याची शक्ती आली आहे. म्हणून ज्वारी-बाजरीची भाकरी त्याला मानवते. मात्र नुसत्या भाकरीने त्याचे पोट भरले तरी अंग भरत नाही. तिच्या जोडीला बिनमसाल्याचे वरण, अंडे, शिजविलेली मासळी किंवा मांस यांपैकी काही तरी मिळावयास हवे. व्यालेल्या कुत्रीस तर एरवीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत तिला दारातून हाकलले जाते.

मांजराची गोष्ट निराळी आहे. ते जातीचेच मांसाहारी. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला आहारातूनच मिळावे लागते व ते धान्यात नसते, मांस-मासळीत असते. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते, असे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. हृदयही दुर्बळ होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. म्हणजे दूध-भाकरी हे मांजराचे पूर्णान्न नव्हे. पुष्कळ मोठ्या मांजरांना तर दूध पचतही नाही. शाकाहारी घरातील मांजर बहुधा जगते ते त्याने स्वतः पकडलेल्या उंदरांवर.

येथे कोणी म्हणेल की, मग उपाशी ठेवलेले मांजर अधिक उंदीर मारील. हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९५३ साली शेतघरांवरील मांजरांविषयी निरीक्षणे प्रसिद्ध केली. आधी घुशी नाहीशा केलेल्या आवारात त्या पुन्हा शिरू न देण्याचे काम मांजरे करू शकली. मात्र त्यांना घरून काही खाणे दिले जात होते, म्हणून ती तेथे टिकून राहिली. भुकेले मांजर गाव धुंडाळत जाते. पोसलेले मांजर कणगीजवळ बसते व सवयीने शिकार करीतच राहते.

उंदरांसाठी विषारी आमिष ठेवणाऱ्या घराने तर अधिकच जपले पाहिजे. विषाने मेलेला उंदीर खाऊन मांजर व कुत्रा दोन्ही दगावतात. म्हणून मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. जनावरांच्या गोचिडांवरचे औषध अंदाजाने मांजराला लावू नये. तापासाठी घरात असलेली पॅरासिटामॉलची गोळी मांजरास प्राणघातक ठरते. कांदा व लसूण, शिजविलेले असले तरी, दोघांच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. द्राक्षे व बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कांदा आणि द्राक्ष ही दोन्ही पिके घेणाऱ्या नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट वस्तीवस्तीवर माहीत असणे अगत्याचे आहे.

जंतांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, पिलाला ते आईकडूनच मिळतात. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांच्या पोटातही हीच अंडी जातात.

आता सर्वांत गंभीर बाब. माणसाला होणारा रेबीज बहुतेक वेळा कुत्र्याच्या चाव्यामुळे होतो व लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयात पहिली लस, पशुवैद्यक सांगतील तेव्हा दुसरी व नंतर दरवर्षी एक, एवढ्यावर हे टळते. मांजरासही ही लस द्यावी. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणासाठी गावोगावची गुरे एकत्र आणली जातात. त्याच दिवशी राखणीची कुत्रीही दोरी बांधून का आणली जाऊ नयेत? गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गुरांच्या यादीखाली कुत्र्या-मांजरांची यादी जोडली आणि लसीची मागणी दवाखान्याकडे आधी नोंदविली, तर यात अवघड असे फारसे उरत नाही. मोकाट कुत्र्यांचे काय, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीला वेगळी खटपट करावी लागेल. तथापि, एकूण कुत्र्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना लस मिळाल्यास रोगाचा फैलाव थांबतो, असे मानले जाते. मोकाट कुत्री पकडणे अवघड. घरची कुत्री मात्र हाक मारताच येतात, तेव्हा आरंभ त्यांच्यापासून व्हावा.

कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. तीवर चुना, हळद किंवा तिखट भरू नये आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. कुत्र्याला लस दिलेली होती, एवढ्यावर विसंबून माणसाची लस टाळू नये. लसीची तारीख मात्र घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, म्हणजे विचारल्यावर डॉक्टरांना सांगता येते.