खड्यांना मोड नाही म्हणे!

वडिलोपार्जित दागिना विकायला नेला की काय होते, हे सराफ पेढीवर बसणाऱ्या आमच्या बांधवांना सांगायला नको. आधी खड्यांचे वजन वजा होते, मग सोन्याची घट वजा होते आणि उरलेल्या सोन्याचे पैसे हातावर पडतात. खड्यांचे काय? "खड्यांना मोड नाही, बाई." संपला विषय!

आमच्या परिचयातील एका घरी मरहूम वालिदांचे दागिने असेच विकले गेले. रकमेची वाटणी झाली, बहिणींनाही हिस्से पोहोचले. पण वजनातून वजा केलेली मोत्यांची सर कोठे गेली, हे आज त्या घरात कोणालाच सांगता येत नाही. शरीअतने मुलीचा आणि बेवेचा हिस्सा ठरवून दिला आहे; परंतु ज्या वस्तूची किंमतच लावली नाही, तिचा हिस्सा काढणार कसा? म्हणून वाटणीपूर्वी खड्यांची पारख झालीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अर्थात जुने ते सारे अस्सल, हाही भ्रमच. भट्टीत माणिक बनविण्याची रीत व्हर्नॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ सालीच जाहीर केली होती. तेव्हा दादीच्या निकाहातले लालबुंद माणिक कारखान्यातले निघू शकते. मोत्यांचे उलटे आहे. १९२० नंतर जपानचे कल्चर मोती बाजारात आले आणि आखातातील मोत्यांचा धंदा बसला. आज जुने बसरा मोती दुर्मिळ झाल्याने त्यांना चांगली किंमत येते. पण बसरा की जपानी, हे नुसत्या नजरेने ठरत नाही, एक्स-रे काढावा लागतो.

ही तपासणी मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियामध्ये होते, जयपुरातही प्रयोगशाळा आहे. मिळणारा दाखला खडा कोणता ते सांगतो, भाव सांगत नाही. भावासाठी दोन-तीन दलालांना माल दाखवावा, आणि देताना जांगड चिठ्ठीवर नग व वजन लिहून घ्यावे. वजन कॅरेटमध्येच मागावे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रत्ती कच्ची की पक्की, यातच निम्मे घोटाळे होतात. दुकानात नव्या खड्याला जो भाव आहे, तो आपल्याला मिळेल अशी आशा मात्र धरू नये. व्यापाऱ्यालाही त्यात कमवायचे असते.

जडावाचा दागिना तर मोडूच नये. खड्यामागे चमकीचा पत्रा, आत लाख, पाठ बंद. खडा उपटला की रंग गेला आणि कारागिराची मेहनतही गेली. असा नग अखंडच विकावा.

२०२१ पासून सक्तीचा झालेला हॉलमार्क सोन्यापुरता आहे, खड्यांशी त्याचा संबंध नाही, हे गिऱ्हाइकाला सांगणारे दुकानदार थोडेच. विक्रीच्या नफ्यावर आयकर लागतो. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या दागिन्याला त्या दिवशीची वाजवी किंमत खरेदीची म्हणून धरता येते. त्यासाठी मूल्यमापकाचा दाखला जवळ ठेवावा.

आता आमच्या सराफ बांधवांना एक विनंती. मोडीचा दागिना घेताना खडे गिऱ्हाइकासमोर काढा, तोला आणि पुडीत बांधून परत द्या. हवे असतील तर किंमत बोला आणि पावतीवर वेगळी लिहा.