खाड्याचे पैसे कोण भरतो?

'आम्ही खेळाडू घडवतो' हे वाक्य छापायला फारसे पैसे पडत नाहीत. रग्बी लीगचा कुठलाही क्लब घ्या, इंग्लंडातला घ्या नाहीतर सिडनीचा घ्या. वार्षिक अहवालात चिखलाने माखलेलं एक बारकं पोरगं हसत असतं. खाली चेअरमनसाहेबांची सही. पोराचं नाव कुठेच नसतं. मला ह्या फोटोचा हिशेब मागायचाय.

दोस्तहो, तुम्ही म्हणाल, रग्बी लीग आपल्या नाक्यावर कोण खेळतंय? कुणी नाही. पण हा खेळ कशातून जन्मला ते एकदा बघा, मग परका वाटणार नाही. 29 ऑगस्ट 1895. उत्तर इंग्लंडात हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात यॉर्कशायर-लँकेशायरचे क्लब जमले आणि त्यांनी रग्बी युनियनला सोडचिठ्ठी दिली. भांडण कशावरून? खाड्यावरून. खाणीतला, गिरणीतला माणूस शनिवारी खेळायला आला की त्याचा खाडा पडायचा, मजुरी कापली जायची. क्लब म्हणाले, कापलेली मजुरी आम्ही भरून देतो. युनियनवाले डॉक्टर, वकील, महागड्या शाळांतून आलेले. ते म्हणाले, छे छे! खेळ हा खेळासाठी. पैसे घेतले की खेळ बाटतो. परवडत नसेल त्याने खेळू नये. ज्यांच्या पोटाला जन्मात कधी खाडा पडला नाही, ते शुद्धतेच्या गप्पा मारत होते. तेव्हा नॉर्दर्न युनियन उभी राहिली. एका दिवसाच्या खाड्याला सहा शिलिंगपर्यंत भरपाई ठरली. त्या युनियनचा पुढे झाला तो हा खेळ, रग्बी लीग.

म्हणून क्लब मोजायची फूटपट्टी मी बाहेरून आणत नाही. ती ह्या खेळाच्या बारशातच पडलेली आहे. पोरगा अजून कुणाच्या कामाचा नाही, मोठ्या संघात नाही, त्याच्या नावावर एक तिकीट खपत नाही, त्या चार-पाच वर्षांचा खाडा कोण भरतो? क्लब भरतो का पोराचा बाप?

काही शहाणे जन्मगाव मोजतात. संघातले स्थानिक किती, बाहेरचे किती, झाला निकाल. हे अर्धवट आहे. मेलबर्न स्टॉर्म बघा. कॅमेरन स्मिथ, बिली स्लेटर, कूपर क्रॉंक हे तिघेही क्वीन्सलँडचे, मेलबर्नचा एकही नाही. जन्मगाव मोजलंत तर स्टॉर्मला भोपळा. पण ही पोरं ब्रिस्बेनच्या नॉर्थ्स डेव्हिल्समध्ये खेळवून, तासून, स्टॉर्मने वर आणली. स्मिथ एकाच क्लबासाठी 430 सामने खेळला. घडवलं हे खरं. आणि ह्याच क्लबाने पगाराच्या कमाल मर्यादेत चोरी केली, दोन वेगवेगळे हिशेब ठेवले हेही खरं. 2010 मध्ये ते उघडं पडलं, 2007 आणि 2009 ची अजिंक्यपदं काढून घेतली. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहायच्या. एक लिहिली म्हणून दुसरी खोडायची नाही.

आता पेन्रिथ. सिडनीचा पश्चिम टोकाचा कामगार पट्टा, माउंट ड्रुइट, सेंट मेरीज. पोरांची अशी खाण सबंध ऑस्ट्रेलियात क्वचित. 2021 ते 2024 सलग चार अजिंक्यपदं. सगळे म्हणतात, त्यांचं काय, खाणीवरच बसलेत! मग मी विचारतो, 1967 पासून हा क्लब मोठ्या स्पर्धेत आहे, खाण तेव्हाही होती. 2020 पर्यंत किती जिंकलात? 1991 आणि 2003. दोन. पोरं होतीच, पोरांवर खर्च नव्हता. 2011 ला फिल गूल्ड कारभार बघायला आला, त्यानंतर अकादमी उभी राहिली. नेथन क्लिअरी, जरोम लुआई, ब्रायन टोओ तिथून वर आले. मॅट बर्टन 2022 ला गेला, स्टीफन क्रायटन 2024 ला गेला, लुआई 2025 ला गेला, कारण मर्यादेत सगळ्यांचा पगार बसेना. तरी दुसरा पोरगा तयार होता. पहिला गेल्यावर दुसरा तयार असतो का, ही खरी परीक्षा. एक हिरा सापडणं हे लॉटरीसारखं आहे.

पण पेन्रिथला मी हार घालणार नाही. पैसा कुठला, ते विचारा. तिथे मोठ्या क्लबांच्या पाठीशी 'लीग्ज क्लब' असतात, आणि लीग्ज क्लबात जुगाराची मशीनं. म्हणजे त्याच वस्तीतल्या बापाने आठवड्याचा पगार मशीनच्या तोंडात घातला आणि त्यातले चार दाणे पोराच्या जिमवर आले. ह्याला क्लब 'समाजाला परत देणं' म्हणतो. वा रे परत देणं!

आणि दुसरी गोष्ट. एनआरएलमध्ये आज जवळजवळ निम्मे खेळाडू माओरी आणि पॅसिफिक बेटांच्या वंशाचे आहेत. ऑकलंडच्या शाळेतलं पंधरा-सोळा वर्षांचं पोर उचलून सिडनीत आणायचं, ह्यालाही 'विकास'च म्हणतात. आणलं त्याबद्दल तक्रार नाही. पण ते पोर टिकलं नाही तर त्याचं पुढे काय? अंडर-20 ची राष्ट्रीय स्पर्धा 2008 ते 2017 चालली. 2013 मध्ये क्लबांच्या करारातल्या दोन विशीतल्या पोरांनी जीव दिला. एका माणसाच्या मरणाची कारणं कुणी बाहेरून सांगू नयेत, मीही सांगत नाही. मला एवढंच दिसतं की शेकडो पोरांना 'तू आता व्यावसायिक' म्हणून शाळेतून उपटायचं आणि त्यातल्या मूठभरांनाच जागा द्यायची, असा तो धंदा होता. बाकीच्यांना हातात काय? शिकाऊ सुताराचं पत्र? वेल्डिंगचा दाखला? निदान तेवढं देणाऱ्या क्लबाला मी गुंतवणूक करणारा म्हणेन. बाकीचे निव्वळ घाऊक खरेदी करतात.

इंग्लंडात तर वेगळीच मौज आहे. ब्रॅडफर्ड, लोकरीच्या गिरण्यांचं शहर. गिरण्या गेल्या. त्यांचा क्लब ब्रॅडफर्ड बुल्स 2012, 2014, 2016 असा तीनदा प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि जानेवारी 2017 ला कंपनी मोडीत निघाली. जर्सी तेवढी उरली. ह्या कंगाल क्लबाने दिलं काय? जेमी पीकॉक, जो पुढे लीड्सला गेला आणि त्यांची अजिंक्यपदं जिंकून बसला. सॅम बर्जेस, ज्याने 2014 ची सिडनीतली अंतिम लढत गालाचं हाड मोडलेलं असताना खेळून साउथ सिडनीला जिंकून दिली. त्याचे जुळे भाऊ टॉम आणि जॉर्ज हेही ब्रॅडफर्डचेच. जॉन बेटमन, एलियट व्हाइटहेड, दोघे 2019 ला कॅनबेराकडून अंतिम सामन्यात उतरले. पोरं ब्रॅडफर्डची, टाळ्या दुसऱ्याच्या.

आणि 2021 मध्ये उच्च दर्जाच्या अकादमीचे परवाने वाटले गेले तेव्हा नकार कुणाला? ब्रॅडफर्डला! सोबत कॅसलफोर्ड आणि हल केआर. पोरं पिकवणाऱ्यालाच सांगितलं, तू शेती करू नकोस. बोंब झाली, मग निर्णय फिरवावा लागला. नाहीतर गेला असता कागदावरून एक अख्खा तालुका.

त्यावर कडी म्हणजे नवं गुणपत्रक. 2025 च्या हंगामापासून सुपर लीगमध्ये कोण राहणार ते वीस गुणांच्या तक्त्यावर ठरतं. आयएमजी नावाच्या कंपनीने तो बनवला. प्रेक्षकवर्गाला पाच, मैदानावरच्या कामगिरीला पाच, पैशाच्या ताकदीला साडेचार, स्टेडियमला तीन, समाजाला अडीच. पाच खण. अकादमीचा स्वतंत्र खण शोधून दाखवा. मैदानात मोठा पडदा लावला तर त्याचा अंश-गुण मिळतो. सोळा वर्षांच्या पोराला तीन वर्षं पोसून पहिल्या संघात उतरवलं, त्याला ह्या तक्त्यात नाव नाही. मग कुठला शहाणा चेअरमन पडदा सोडून पोर घेईल?

मी तरी अहवाल वाचायचं सोडलंय. मी जून महिन्याकडे बघतो. हंगाम ऐन मध्यावर, पुढच्या फळीतला जाडजूड अनुभवी गडी गुडघा धरून बसतो. आता कोच काय करतो? एजंटला फोन लावून कुठून तरी तिशीतला उसना आणतो, का एकोणीस वर्षांच्या पोराला ऐंशीतली चाळीस मिनिटं देतो, आणि हरल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा देतो? दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. एकदा सगळेच देतात, फोटोपुरतं. मग बघायचं, क्लबाचा राखीव संघ नियमित खेळतो का? 2013 पासून 'ड्युअल रजिस्ट्रेशन'ची सोय आली, म्हणजे आपली पोरं खालच्या क्लबात खेळवायची आणि स्वतःच्या राखीव संघाचा खर्च वाचवायचा. ज्यांनी हे केलं त्यांनी अकादमीच्या गप्पा मारू नयेत.

रॉब बरो आठवतो. उंची एक मीटर पासष्ट. खाणकामगारांच्या फेदरस्टोनचं गल्लीतलं रग्बी खेळून आलेला. ह्या राक्षसांच्या खेळात हे पोरगं चिरडेल, असं म्हणणारे कमी नव्हते. लीड्सने त्याला 2001 ला उतरवलं आणि 2017 पर्यंत ठेवलं. आठ अंतिम लढती जिंकला. 2024 मध्ये तो मोटर न्यूरॉनच्या आजाराने गेला तेव्हा अख्खं लीड्स रस्त्यावर होतं. लीड्सच्या बाजूने मी हे एक नाव ठेवतो. पण त्याच्या आधीची वर्षं? फेदरस्टोन लायन्सच्या मैदानावर फुकट शिकवणारा माणूस, जर्सी धुणारी बाई, गाडीत पेट्रोल घालणारा बाप, त्यांचा खाडा 1895 पासून आजपर्यंत कुणी भरलेला नाही. प्रत्येक क्लबाने आपला हिशेब ह्या रकान्यापासून सुरू करावा. तो रकाना कोराच असतो.

ब्रॅडफर्ड 2026 साठी पुन्हा सुपर लीगमध्ये आला, त्याच वीस गुणांच्या तक्त्यातून. आता टीव्हीचा पैसा येईल, एजंटांचे फोन येतील. मी जूनची वाट बघतोय.