आंब्याची बिअर, मोहाचा गुन्हा

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. मार्च २०२२ मध्ये तेथून प्रवासी विमान उडाले, काही महिन्यांत ती सेवा बंद पडली आणि डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादची वाट पुन्हा खुली झाली. झाडीपट्टी महानगरांच्या एवढी जवळ कधीच नव्हती. पण वसंत ऋतूत या दोन टोकांना काय पिकते आणि त्याचे काय होते, हे पाहिले की अंतर किती उरले आहे ते कळते.

गेल्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका मद्यशाळेत आंब्याची गव्हाची बिअर चाखली. गव्हातील प्रथिनांमुळे ती गढूळ दिसते आणि वर पांढरा, दाट फेस धरते. विशिष्ट यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आंब्याचा गर बहुधा मागाहून घालतात. त्यातली साखर यीस्ट फस्त करते. म्हणून नाकाला आंबा जाणवतो, जिभेला मात्र गोडी फारशी लागत नाही. हंगाम संपला की ही बिअरही संपते. पुण्यात 'डूलाली'ने २००९ मध्ये ताज्या बिअरचा पायंडा पाडला. आज त्याला शौक म्हणतात, परवाना मिळतो, कौतुक होते.

त्याच चैत्रात झाडीपट्टीत पहाटे मोहफुले टपटपतात. बायाबापड्या टोपल्या घेऊन झाडाखाली बसतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. फुले भिजवून आंबवायची आणि मडक्यावर वाफ धरून दारू टिपायची, हा जुना प्रघात. मुंबई सरकारने १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहा कायदा केला. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. परवाना नसलेली भट्टी म्हणजे गुन्हा.

असे भेद फक्त आपल्याकडेच आहेत असे नाही. बव्हेरियात १५१६ च्या नियमाने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढेच ठेवले. गहू भाकरीसाठी राखण्याचा एक हेतू त्यामागे होता. पुढे १६०२ पासून गव्हाची बिअर खुद्द ड्यूकच्या मक्तेदारीत गेली. प्रजेला जे वर्ज्य, ते राजाचे उत्पन्न!

महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील निर्बंध उठवले. २०२२ मध्ये काजूबोंडे, मोहफुले यांपासून बनणाऱ्या मद्याला 'विदेशी मद्या'च्या वर्गात घेण्याचा निर्णय झाला. आपल्या जंगलातल्या फुलाला मान मिळायला 'विदेशी' व्हावे लागले, ही गंमत बाजूला ठेवू. खरा प्रश्न असा की परवाना कोणाच्या नावे निघणार? कारखानदाराच्या नावे निघाला, तर फूल वेचणारी बाई कच्चा माल विकणारीच राहील. गोव्याने २०१६ मध्ये फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. शेजारच्या मध्य प्रदेशाने आदिवासी बचत गटांना 'हेरिटेज' मोहमद्याची वाट दाखवली. त्या वाटेचा अभ्यास मुंबईतल्या मंत्रालयाने करायला हवा.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती झटकून चालणार नाही. गोंदियाला लागून असलेल्या गडचिरोलीत लोकलढ्यानंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. हातभट्टीच्या भेसळीने २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक जीव घेतले. बाटलीवर सुरेख चिठ्ठी चिकटवली म्हणून नवऱ्याचा मार चुकत नाही. आंब्याची बिअरही शेवटी दारूच.

म्हणून मार्ग दोन्ही टोके सांभाळणारा हवा. मोहाचे मद्य काढायचे असेल, तर परवाना ग्रामसभेच्या संमतीने बचत गटाला द्यावा, मालाची तपासणी सक्तीची करावी. आणि ज्या गावाला ते नको, तिथल्या बायांना 'उभी बाटली, आडवी बाटली'चा हक्क वापरणे सोपे करावे. पुण्यातल्या ग्लासात कायद्याला ऋतूची चव दिसते. झाडीपट्टीच्या टोपलीतही तोच ऋतू आहे. तिथे कायद्याला फक्त आरोपी दिसू नये, एवढेच मागणे आहे.