टॉवरच्या कुंपणावरचा बोर्ड आपल्यासाठीही आहे



जपानमध्ये भर वस्तीत उंच इमारत उठणार अशी कुणकुण लागली की आजूबाजूचे लोक गप्प बसत नाहीत. आमचं ऊन अडेल, पार्किंगचं तोंड शाळेच्या वाटेवर का काढता, माल आणणारे ट्रक कुठे उभे राहणार, असे प्रश्न ते सभेत उभे राहून विचारतात. आपल्यातले काही जण तीच इमारत बांधायला जातात, काही जण तिच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहतात. सभेला मात्र आपण नसतो. "आपण परदेशी माणसं, आपला काय संबंध?" असं म्हणून मोकळे होतो. आज एवढंच सांगायचं आहे की संबंध आहे, आणि तो नियमात लिहिलेला आहे.

लोकांच्या बोलण्यानं काय होतं ते आधी बघा. टोकियोच्या पश्चिमेला कुनिताची नावाचं शहर आहे. तिथल्या फुजिमी-दोरी रस्त्यावरून फुजी पर्वत दिसतो, रस्त्याचं नावच त्यावरून पडलंय. सेकिसुई हाऊस या बड्या कंपनीनं तिथे १० मजली, १८ घरांची इमारत बांधली. एकेक घर सात-आठ कोटी येनचं. लोकांनी सुरुवातीपासून हरकत घेतली होती, म्हणून ११ मजल्यांचे १० झाले. इमारत उभी राहिली, किल्ल्या द्यायचा महिना तोंडावर आला. आणि जून २०२४ मध्ये कंपनीनं स्वतःहून जाहीर केलं की इमारत पाडणार. कायदा कुठेही मोडलेला नव्हता. दुरून दिसणाऱ्या फुजीचा विचार कमी पडला, असं कंपनीनंच सांगितलं.

याच शहरात आधी मोठा खटला झाला होता. विद्यापीठाच्या झाडांच्या रस्त्यावर १४ मजली, सुमारे ४४ मीटर उंच इमारत बांधली गेली. डिसेंबर २००२ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयानं २० मीटरच्या वरचा भाग पाडा, असा हुकूम दिला. २००४ मध्ये उच्च न्यायालयानं तो फिरवला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही रहिवासी हरले, पण जाता जाता न्यायालयानं म्हटलं की परिसराचं चांगलं रूप अनुभवणं हे तिथे राहणाऱ्यांचं हित आहे आणि कायद्यानं ते जपण्याजोगं आहे. कोबे शहर तर याहून पुढे गेलं. जुलै २०२० पासून तिथे सान्नोमिया स्टेशनच्या आसपास, म्हणजे शहराच्या ऐन मध्यभागी, नवी राहती घरं बांधायलाच बंदी आहे.

आता त्याच मार्च २००६ मध्ये आपल्याकडे काय झालं ते आठवा. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयानं दिला. १९९१ च्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या जागेसाठी, एक सरकारी घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. आज लालबाग-परळला जाऊन बघा. चाळींच्या डोक्यावर टॉवर आहेत, त्यांचे खालचे कित्येक मजले नुसत्या गाड्यांसाठी. माणसाला दहा बाय बाराची खोली, आणि गाडीला लिफ्ट! १९८२ च्या संपात उतरलेल्या अडीच लाख गिरणी कामगारांना कुणी विचारलं होतं का, की इथे काय व्हावं?

विचारलं नाही, आणि विचारायची सोयही नव्हती. जपानमध्ये ती सोय थोडीफार आहे, म्हणून ती माहीत हवी.

टोकियो महानगराचा १९७८ चा एक नियम आहे, उंच इमारतींवरून होणारे तंटे टाळण्यासाठीचा. इमारत बांधणाऱ्यानं आधी जागेवर बोर्ड लावायचा : किती मजले, किती उंची, मालक कोण, काम कधी सुरू होणार. इमारतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरात जे येतात त्यांनी मागणी केली, तर योजना समजावून सांगायची. टॉवर १५० मीटरचा असेल, तर ३०० मीटरपर्यंत. आणि हे 'जे' कोण? जमिनीचे किंवा घराचे मालक, आणि तिथे राहणारे. नीट वाचा : राहणारे. पासपोर्ट कुठला, व्हिसा कुठला, खोली स्वतःची की कंपनीची, असं नियम विचारत नाही. तंटा मिटवायला मध्यस्थीचीही तरतूद आहे. बऱ्याच शहरांचे असेच स्वतःचे नियम आहेत, तुमच्या नगरपालिकेत विचारा.

पार्किंगचं बोलायचं तर, जपानमध्ये १९६२ च्या कायद्यानं गाडी ठेवायची जागा रस्त्याबाहेर, दोन किलोमीटरच्या आत दाखवावी लागते. पोलीस ठाण्याचा तसा दाखला लागतो. म्हणून टॉवरमध्ये जास्त गाड्यांची सोय म्हणजे दारात जास्त गाड्या, हे लोकांना पक्कं माहीत असतं. त्या गाड्या ज्या गल्लीत बाहेर पडणार, तिथून रोज सायकलवर कामाला कोण जातं? आपणच ना!

आता साइटवर काम करणाऱ्यांसाठी. शेजारी तक्रार करतात तेव्हा शिव्या आपल्या वाट्याला येतात, म्हणून शेजारी आपले वैरी वाटतात. तसं नाही. काम किती वाजता सुरू व्हावं, रविवारी बंद असावं, गाड्या रस्त्यावर उभ्या करू नयेत, असं रहिवासी बांधकाम कंपनीकडून पुष्कळदा लिहून घेतात. त्यांची झोप म्हणजे आपली सुट्टी. एप्रिल २०२४ पासून बांधकामातही जादा कामाला कायद्याची मर्यादा आहे, सर्वसाधारणपणे महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तास. रोजंदारीवाल्याला बंद दिवस परवडत नाही हे खरं, पण त्याचं उत्तर मजुरीचा दर वाढवणं आहे, रविवार विकणं नाही.

साइटवर गाडी लावायला जागा नसेल तर व्हॅन पैसे भरून बाहेरच्या पार्किंगमध्ये उभी राहते. ते पैसे तुमच्या मजुरीतून कापत असतील तर थांबा आणि विचारा. कामगार मानक कायद्याचं कलम २४ सांगतं की मजुरी पूर्ण द्यायची. कर आणि विमा सोडून इतर कपातीला कामगारांच्या संघटनेशी किंवा बहुसंख्य कामगारांच्या प्रतिनिधीशी लेखी करार लागतो. "इथे असंच चालतं" हा करार नव्हे.

उंचीची किंमत सगळ्यात आधी कामगार मोजतो. १९ सप्टेंबर २०२३ रोजी टोकियो स्टेशनजवळच्या याएसू भागात टॉवरच्या कामावर लोखंडी तुळया कोसळल्या. पाच कामगार खाली पडले, दोघं गेले. म्हणून कुंपणावरचा आणखी एक बोर्ड ओळखून ठेवा, रोसाई म्हणजे कामगार अपघात विम्याचा. बांधकामात उपकंत्राटदाराच्या माणसांनाही मुख्य कंत्राटदाराचा हा विमा लागू होतो. तुमचा मुकादम म्हणेल, "आमच्याकडे विमा नाही." त्याच्याकडे नसू दे, बोर्डावर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे आहे. उपचाराचा खर्च मिळतो, आणि काम सुटलं तर चौथ्या दिवसापासून सरासरी मजुरीच्या सुमारे ८० टक्के रक्कम मिळते. व्हिसा संपलेला असला तरीही हा हक्क जात नाही.

मर्यादाही सांगायला हवी. समजावून घेण्याचा हक्क म्हणजे इमारत थांबवण्याचा हक्क नव्हे. मतदानाचा हक्क तर आपल्याला नाहीच. टोकियोजवळच्या मुसाशिनो शहरात स्थानिक सार्वमतात परदेशी रहिवाशांनाही मत देऊ द्यावं, असा प्रस्ताव आला होता. २१ डिसेंबर २०२१ रोजी तो ११ विरुद्ध १४ मतांनी पडला. पडला, पण ११ जण बाजूनं उभे राहिले, हेही लक्षात ठेवा.

तेव्हा उद्या कामावर जाताना किंवा खोलीवर परतताना कुंपणावर नवा बोर्ड दिसला, तर मोबाईलनं फोटो काढा, भाषांतराच्या ॲपमध्ये टाका, उंची बघा, दुप्पट करा. तुमची खोली त्या अंतरात येत असेल तर घरमालकाला किंवा शेजारच्या आजीबाईंना विचारा, सभा कधी आहे. जपानी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. गाड्या कुठून बाहेर पडणार, रात्री काम चालणार का, हे दोन प्रश्न पाठ करून जा. आणि कामाच्या साइटवरचे बोर्ड असतील, तर ते फोटो डिलीट करू नका. गावी घरच्यांनाही पाठवून ठेवा.