मासा संकट घेऊन जात नाही

आपल्याकडे घरातला मासा मेला की एक वाक्य ठरलेलं असतं. "मासा गेला, पण घरावरचं संकट घेऊन गेला." जालन्यात हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता टाकी दिसली की ते आपोआप कानात वाजतं. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुःख कमी आणि समाधान जास्त असतं. मग मेलेला मासा तुळशीशेजारच्या कुंडीत पुरतात, टाकी घासून लख्ख करतात आणि पुढच्या रविवारी दोन नवे मासे आणतात. पंधरा दिवसांत आणखी एक संकट टळतं.

माझं म्हणणं सरळ आहे. मासा संकट घेऊन जात नाही. घरात मरणारे बहुतेक मासे आपणच बिघडवलेल्या पाण्याने मरतात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं विष असतं अमोनिया. हे वाक्य वाईट आहे ते अंधश्रद्धा म्हणून तर आहेच, पण त्याहून जास्त यासाठी की ते चौकशी बंद करतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. उद्या आमचा सर्व्हर बंद पडला आणि कुणी म्हणालं, "कंपनीवरचं संकट सर्व्हरने अंगावर घेतलं," तर मॅनेजर त्याला चहा पाजून घरी पाठवेल. तिथे प्रश्न विचारावाच लागतो: कशाने बंद पडला? काल काय बदललं होतं? माशाच्या बाबतीत हा प्रश्न आपण विचारत नाही. म्हणून मासे मरत राहतात.

आधी टाकी घरात येते कशी ते बघा. दुकानात एक काचेची टाकी, टेबल, मागे चिकटवायचं निळं चित्र, रंगीत खडी, प्लास्टिकची झाडं, हवेचा पंप, झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी आणि त्याच फेरीत पिशवीत बांधलेले नऊ मासे. आठ सोनेरी, एक काळा. हा आठ-एकचा हिशेब फेंगशुईतला, आपल्या वास्तुवाल्यांनी तो बिनबोभाट उचलला. दुपारी खरेदी, संध्याकाळी पाणी, रात्री स्टेटस. टाकी कोणत्या दिशेला ठेवायची यावर घरात तासभर चर्चा होते. तिच्यात कोणतं पाणी भरायचं यावर एक मिनिटही होत नाही. 'जालना सोने का पालना' म्हणणाऱ्या गावात सोनेरी माशाच्या वाट्याला हाच पाळणा येतो.

आता त्या पाण्यात काय होतं? मासा खातो आणि कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदीत हे पातळ होऊन वाहून जातं. टाकीत ते जाणार कुठे? तिथे दोन प्रकारचे सूक्ष्मजीव कामाला लागतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच, ते रक्तात शिरलं की रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. दुसरे जीव नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने गरीब, थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं आणि खरी झाडं असतील तर तीही ते खातात. हे सूक्ष्मजीव फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वस्ती करतात. ती वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

नव्या टाकीत ही वस्ती नसते. त्यात पहिल्याच संध्याकाळी नऊ मासे सोडले की अमोनिया चढत जातो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले लाल होतात, आणि आपण कौतुकाने म्हणतो, "बघ, खायला मागतोय." आठवडा-दोन आठवड्यांत पहिला मासा तरंगतो. संकटाचं वेळापत्रक इतकं नेमकं कसं, असा प्रश्न कुणालाच पडत नाही.

जालन्यात हे आणखी लवकर होतं, कारण आपलं पाणी आणि आपला उन्हाळा. आपण दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर राहतो. इथलं बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. बादलीवर, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. पाणी तापलं की तो आणखी वाढतो. त्यातच गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७च्याही खाली. म्हणजे मे महिन्यात विष जास्त आणि श्वास कमी. त्यात लाइट गेली की हवेचा पंपही बंद. याला संकट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण ते माशाने आपल्यासाठी घेतलेलं नाही. आपण त्याला दिलंय.

मग येते रविवारची साफसफाई. पाण्याला जरा वास आला, काच जरा हिरवी झाली की सगळं पाणी मोरीत, खडी नळाखाली, फिल्टर साबणाने खसाखसा. नुकतीच जमू लागलेली सूक्ष्मजीवांची वस्ती त्या दिवशी संपते. परत पहिला दिवस. परत अमोनिया. स्वच्छतेच्या नावाखाली आपण दर आठवड्याला टाकी फॉरमॅट मारतो आणि वर म्हणतो, "एवढं जपतो तरी मरतात."

इथे जालन्यातला माणूस एक रास्त प्रश्न विचारतो. "प्यायला पाणी नाही आणि तू मासे पाळायला सांगतोस?" या प्रश्नाची टिंगल मी करणार नाही. २०१२-१३च्या दुष्काळात या जिल्ह्याने टँकरच्या रांगेत दिवस काढलेत. आजही ड्रम, टाकी, हंडा भरून ठेवल्याशिवाय इथल्या घराला झोप येत नाही. म्हणूनच हिशेब करू. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत सुमारे शंभर लिटर पाणी मावतं. दर रविवारी ती पूर्ण रिकामी केली तर महिन्याला चारशे लिटर मोरीत, आणि मासेही मेलेले. तीच टाकी नीट बसवली तर आठवड्याला वीस लिटर बदललं की पुरतं. ते वीस लिटरही वाया जात नाही. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे खतच. कुंड्यांना, परसातल्या कढीपत्त्याला घाला, आनंदाने वाढेल. पाणी वाया घालवते ती अडाणीपणाने ठेवलेली टाकी. नीट ठेवलेली टाकी म्हणजे झाडांना घालायच्या पाण्याने वाटेत केलेला एक मुक्काम. दुष्काळी जिल्ह्यात टाकी ठेवूच नये, असं मला वाटत नाही. पाण्याची किंमत ज्याला कळते त्यानेच ती ठेवावी, असं मात्र वाटतं.

नीट बसवायची म्हणजे काय? यात गुपित काही नाही. सपाट आणि भक्कम जागा हवी, कारण पाणी, काच, खडी मिळून सव्वाशे किलोच्या पुढे वजन जातं. थेट ऊन नको, शेवाळ माजतं. रंगीत खडीऐवजी साधी धुतलेली वाळू किंवा बारीक खडी. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर स्वस्त असतो आणि काम चोख करतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते चोवीस तास उघड्या बादलीत ठेवा किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध घाला. मग पंप चालू करा आणि मासे आणू नका.

हो, आणू नका. रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाका. ते कुजेल, अमोनिया होईल, सूक्ष्मजीवांना जेवण मिळेल. एखाद्या मित्राकडे चालती टाकी असेल तर त्याच्या फिल्टरचा ओला स्पंज मागून आणा, विरजण लावल्यासारखं काम होतं. थेंब टाकून रंग बघायचं टेस्ट किट घ्या. अमोनिया वर जाऊन शून्यावर येईल, मग नायट्राइट वर जाऊन शून्यावर येईल. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसतंय, त्या दिवशी पाणी तयार झालं. पुढे स्पंज कधी धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं तर भर आरओच्या शुद्ध पाण्याची घाला, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. बोअरचं ओतत राहिलात तर टाकी दिवसेंदिवस जड होत जाते. उन्हाळ्यात झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. डिसेंबरच्या रात्रींसाठी हीटर. लाइट जाते म्हणून बॅटरीवरचा पंप.

मासे निवडताना रंग बघायच्या आधी आपलं पाणी बघा. इंग्रजीत याला कम्युनिटी टँक म्हणतात, म्हणजे एकमेकांना न छळता एकाच पाण्यात राहू शकणाऱ्या माशांचं मोहल्ला. आपल्या जड पाण्यात मॉली, प्लॅटी आणि गप्पी खुशीत राहतात. गप्पी तर आपल्या ओळखीचाच, डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याने गावोगाव वाटलेला. शंभर लिटरला पाच-सहा प्लॅटी, आठ झेब्रा आणि तळाशी सहा कॉरीडोरास पुरे. तेही एकदम नाही, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने. झेब्रा आणि कॉरीडोरास कळपाने राहणारे मासे आहेत, त्यांना एकट्यादुकट्याने आणणं म्हणजे कोंडणं.

यातला झेब्रा परदेशी समजू नका. तो आपल्या उपखंडातल्या ओढ्यांचा, शेतातल्या पाण्याचा मासा. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्यावर चालतात. २०१३ साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा कळलं की माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोड सापडते. एवढा मोठा मासा आपल्याकडे दुकानात शेवटच्या टाकीत पडून असतो, कारण वास्तुच्या यादीत त्याचं नाव नाही.

यादीत नाव आहे ते गोल्डफिशचं. तो थंड पाण्याचा, कार्पच्या कुळातला. वीतभर वाढू शकतो, दहा वर्षांच्या वर जगू शकतो आणि घाणही तेवढीच करतो. त्याला गोल भांड्यात ठेवणं म्हणजे म्हशीला बाथरूममध्ये बांधणं. यादीत अरोवाना असतो, जो दोन-तीन फुटांचा होतो. आणि टाकी साफ करेल म्हणून 'सकर' असतो, जो बोटभर आणला तरी फूट-दीड फुटाचा होतो आणि साफ करण्यापेक्षा घाणच जास्त करतो. टाकीत मावेनासा झाला की घरातलं दयाळू माणूस त्याला पिशवीत घालून मोती तलावात किंवा कुंडलिकेत सोडतं. ही दया नाही. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेचा, त्याच्या अंगावरच्या कवचामुळे इथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात तो सापडू लागला, विकला जात नाही आणि जाळी मात्र फाडतो. आपल्या हॉलमधली हौस कुणाच्या तरी पोटावर येते. टाकीतला मासा ओढ्या-तलावात सोडायचा नाही, गप्पीसुद्धा नाही. नको असेल तर दुकानात परत द्या किंवा दुसऱ्याला द्या.

"वीस-तीस रुपयांच्या माशासाठी एवढं कोण करतं?" असं म्हणणारेही भेटतात. पण किंमत दुकानदाराने लावलेली आहे. कल्ले जळताना माशाला वीस रुपयांएवढंच दुखतं, असं नाही. दुकानदाराला एकट्याला दोष देणंही सोपं आहे. महिनाभर थांबायला तयार असलेलं गिऱ्हाईक त्याने पाहिलेलंच नसतं. एका दुकानात मी "मासे पुढच्या महिन्यात नेतो" म्हणालो तर मालकाला वाटलं पैशांची अडचण आहे, आणि त्याने डिस्काउंट देऊ केला. २०१७ साली केंद्र सरकारने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले होते, गोल भांड्यात मासे ठेवायला त्यात मनाई होती. व्यवसायातून ओरड झाली आणि नियम मागे घेतले गेले. तेव्हा कायदा येऊन आपल्या टाकीतला अमोनिया मोजेल, याची वाट बघण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक बदललं की दुकान बदलतं.

ज्याला सहा आठवडे धीर धरवत नाही त्याने माशांचा व्हिडिओ टीव्हीवर लावावा. रंग तेच, बुडबुडे तेच, कुणी मरत नाही. ज्याला धरवतो त्याने टाकी आणावी, पाणी भरावं आणि ती रिकामीच चालू ठेवावी. पाहुणे विचारतील, "मासे कुठायत?" सांगा, "पाणी तयार होतंय." हसतील, हसू द्या. पावसाची वाट बघण्यात ज्या जिल्ह्याचं निम्मं आयुष्य जातं, त्याला पाण्यासाठी महिनाभर थांबणं अवघड जाऊ नये.