ऑक्टोबरातला तेरडा उपटू नका

गौरी-गणपती होतात, दसरा सरतो आणि शहरांतल्या सोसायट्यांमध्ये बागेची साफसफाई सुरू होते. खालून पिवळा पडलेला तेरडा, आडवी पसरलेली गुलबक्षी, वाळत चाललेला झेंडू, सगळे मुळासकट उपटून कचऱ्याच्या गाडीत जाते. वाफा खणून त्यात लाल माती पडते आणि नर्सरीतून आणलेली पिटुनियाची रोपे रांगेत बसतात. चार महिन्यांनी तीही उन्हाने जळतात, मग पुन्हा नवी खरेदी. वाईट याचे वाटते, की झाडे उपटली जातात त्याच दिवसांत त्यांचे बी भरत असते. आणखी तीन-चार आठवडे त्यांना हात लावला नाही, तर पुढच्या पावसाळ्याची बाग एक पैसाही न खर्चता जमिनीत पेरली जाते. फूल संपले म्हणजे झाड संपले, हा समज घरच्या बागेतून तरी जायला हवा.

तेरड्याचे बोंड ज्याने हातात धरले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. हिरवट, लवदार, फुगीर बोंड पिकले की बोट लागायचा अवकाश. त्याच्या पाच फाका झटक्यात आत वळतात आणि बी उडते. अबोलीचे तंत्र निराळे. तिची वाळलेली बोंडे पाणी पडले की तडकतात, म्हणजे जमीन भिजलेली असते त्याच वेळी बी बाहेर पडते. गोकर्णाला मात्र ऊन लागते. शेंग खडखडीत वाळली की तिच्या दोन्ही फाकांना पीळ पडतो आणि बिया फेकल्या जातात. एकाला स्पर्श हवा, एकीला पाऊस, एकाला ऊन. आवारात ही तीन झाडे असली, तरी मुलांना बीजप्रसार शिकवायला पुस्तकातले चित्र लागणार नाही.

गुलबक्षी असे काही करत नाही. मिऱ्यांसारखे काळे, सुरकुतलेले बी बुंध्याशी टपकते आणि पडल्या जागी रुजते. शिवाय जमिनीतला कंद असतोच. संध्याकाळी उमलणारे हे अमेरिकेतले झाड आपल्या परसदारी इतके मुरले आहे, की त्याला कुणी पाहुणे म्हणणार नाही. मेंडेलचे विस्मरणात गेलेले नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने याच झाडावर प्रयोग केले. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून पहिल्या पिढीत गुलाबी फुले आली. त्या गुलाबीचे बी पेरल्यावर लाल, गुलाबी आणि पांढरी अशी तिन्ही परतली. बी आपोआप पडू दिले, तर असा प्रयोग कुंपणाच्या कडेलाही घडू शकतो. फक्त लहान मुले असलेल्या घरांनी लक्ष ठेवावे, कारण गुलबक्षीचे बी आणि कंद विषारी असतात.

सदाफुलीला तर मातीसुद्धा फारशी लागत नाही. गच्चीच्या कठड्याची भेग, पाइपाचा सांधा, पायरीचा कोपरा तिला पुरतो. मूळची मादागास्करची ही वनस्पती. रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध तिच्यापासूनच मिळाले. भिंतीतून ती उपटून काढणे भाग असेल, तर निदान शेजारच्या कुंडीत लावावी.

आपोआप येणाऱ्या बागेत काम नसते, हा गैरसमज आहे. काम असते, पण वेगळे. जमीन खोल खणायची नाही, कारण कोंबडा आणि ऑफिस टाइम यांचे बी मोहरीपेक्षाही बारीक असते. ते खाली गाडले गेले की वर येत नाही. वाफ्यावर पालापाचोळ्याचा जाड थर द्यायचा नाही. खरी कसोटी लागते ती मृगाच्या पावसानंतर, खुरपे हातात असताना. गणेशवेलीची पहिली दोन पाने बेचक्यासारखी दुभंगलेली असतात, गुलबक्षीची रुंद आणि मांसल, तेरड्याचा दांडा पाणीदार असतो, आणि झेंडूचे पान चुरगळले की वासच नाव सांगतो. ही ओळख माळ्याला नसेल, तर घरच्यांनी एकदा शेजारी बसून करून द्यावी. मग विरळणी. वीतभर जागेत वीस रोपे आली, तर दोन-तीन ठेवून बाकीची काढायची, शेजाऱ्यांना द्यायची. हे करताना जीव तुटतो, पण दाटीत एकही झाड नीट फुलत नाही.

विकतच्या संकरित झेंडूकडून मात्र ही अपेक्षा धरू नये. त्याचे बी धरलेच, तरी पुढची पिढी आईसारखी निघेलच असे नाही. गच्च पाकळ्यांचा झिनियाही काही पिढ्यांत एकेरी होऊ लागतो. यात नुकसान मानायचे कारण नाही. एकेरी फुलातले पराग आणि मध मधमाशीच्या सहज हाती लागतात, आणि बागेत मधमाशी हवी असेल, तर पाकळ्यांची गर्दी कमी झालेलीच बरी. दसऱ्याच्या तोरणातला गावठी झेंडू वाळल्यावर कुंडीत चुरडून पाहावा.

हे सारे कुंपणाच्या आत. कुंपणाबाहेर याच गुणाचे संकट होते, आणि तिथे भूमिका कठोरच हवी. मेक्सिकोतून आलेला पिवळा-केशरी कॉसमॉस आता पुण्याच्या टेकड्यांवर पसरला आहे. पावसाळा सरताना लोक त्याच्यासमोर हौसेने फोटो काढतात. तिथे सोनकी, कवला आणि रानतेरडा यांची जागा जात आहे, हे त्या फोटोत दिसत नाही. घाणेरीही एकोणिसाव्या शतकात शोभेचे झाड म्हणूनच भारतात आली आणि आज जंगलेच्या जंगले तिने व्यापली आहेत. टेकडीला, माळाला किंवा ओढ्याला लागून घर असेल, तर कॉसमॉस लावूच नये. लावलाच असेल, तर फुले सुकताच, बी पिकण्याआधी छाटावीत. आणि पावसाळ्याच्या तोंडावर शाळा व हौशी गट डोंगरावर टाकायला सीडबॉल बनवतात, त्यांत बागेतल्या फुलांचे एकही बी जाऊ देऊ नये. तेवढी तपासणी शिक्षकांना वर्गातच, माती मळायच्या आधी करता येईल.